जीपमध्ये बसून नाही, पायी फिरायचंय. अशी नॅशनल पार्क देशात कुठं आणि परदेशात कुठं?

जुळे_सोलापूरची

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, मिस्टर आत्ताच रिटायर झालेत आणि आम्हाला दोघांना आता जंगलं बघत फिरायचंय. फिरायचंय म्हणजे खरंच पायानं. आत्तापर्यंत जी जंगलं बघितली ती सगळी जिप्सीत बसून, म्हणजे कुठंतरी वाघ दिसलाय असं कळलं की ड्रायव्हर गाडी पळवणार, तिथं आधीच दहाबारा गाड्या उभ्या, धूळ उडतीय आणि आपण मान उंच करून बघतोय. वाघ दिसला, आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण जंगल बघितल्यासारखं वाटलं नाही. एखाद्या झाडाखाली दहा मिनिटं थांबावं, पक्षी ऐकावा, वास घ्यावा, आपल्याला पाहिजे तेवढं हळू चालावं, हे काहीच झालं नाही.

आता विचारायचं असं आहे की आपल्या देशात अशी कुठली नॅशनल पार्क आहेत जिथं पायी चालू देतात? ट्रेकिंगवाली पोरं जातात तसलं दोर लावून चढायचं नाहीये. मी रोज सकाळी पाच-सहा किलोमीटर चालते, मला दम लागत नाही. मिस्टरांचा डावा गुडघा थोडा कुरकुरतो, सपाटीला काही नाही, उतारावर दुखतो.

दुसरं म्हणजे मुलगा फिनिक्सला आहे, मे अखेरीपासून आम्ही त्याच्याकडं दीड महिना जाणार आहोत. तो म्हणतो ग्रँड कॅन्यन दाखवतो. मी वाचलं की तिथं लोक वरनं खाली नदीपर्यंत चालत जातात. आम्ही सोलापूरचे, ऊन काय आम्हाला नवीन नाही, तर जून महिन्यात तिथं खाली उतरायला जमेल का? आणि अमेरिकेशिवाय जवळपास, म्हणजे नेपाळ-श्रीलंका असं काही खिशाला परवडणारं असेल तर तेही सांगा. पॅकेज टूर नको, आम्ही रेल्वेनं आणि एसटीनं फिरणारी माणसं आहोत.

पक्का_सोलापुरी

काकू, प्रश्न लई भारी विचारलाव, म्हणून जरा निवांत लिहायलोय.

आधी एक गोष्ट, जीपमधून उतरू देत नाहीत म्हणून वनखात्यावर राग धरू नका. आपल्याकडं 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात नॅशनल पार्क म्हणजे पहिल्यांदा प्राण्यांची जागा, माणसाची नंतर. तिथं गुरं चारायला पण बंदी असते. वाघाच्या जंगलात माणूस पायी फिरायला लागला की वाघालाही त्रास आणि माणसालाही धोका. त्यामुळं ताडोबा, पेंच, कान्हा इथल्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव भागात, पायी फिरायचा विचारच सोडा. आपल्या महाराष्ट्रात सहा नॅशनल पार्क आहेत, ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल म्हणजे मेळघाटातलं, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. यात सरळ जाऊन पायी फिरता येईल असं बोरिवलीचंच. हसू नका, साधारण शंभर चौरस किलोमीटरचं जंगल आहे, बिबटे आहेत, आणि कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चालत गेलं तर अर्धा दिवस मस्त जातो. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी मुंबई, दादरवरनं लोकल पकडून बोरिवली. सोमवारी बंद असतं तेवढं बघा. आतल्या शिलोंढ्यासारख्या पायवाटांना परवानगी आणि गाईड लागतो, आपल्या आपण घुसायचं नाही.

नॅशनल पार्क नाही पण कोयना अभयारण्यातला वासोटा किल्ला पण डोक्यात ठेवा. बामणोलीहून लाँचनं शिवसागर जलाशय ओलांडायचा, वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची आणि घनदाट झाडीतनं वर चढायचं. पण उतार आहे, काकांच्या गुडघ्याचा विचार करून ठरवा. पावसाळ्यात बंद असतो.

आता खरं सांगायचं ते फुलांच्या घाटीबद्दल, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, उत्तराखंड. तुम्ही जे म्हणलाव ना, झाडाखाली थांबावं, हळू चालावं, ते सगळं तिथं मिळतं कारण तिथं गाडी जातच नाही. 1982 पासून नॅशनल पार्क आहे, 2005 साली युनेस्कोच्या यादीत आलं. 1 जूनला उघडतं आणि 31 ऑक्टोबरला बंद होतं, पण फुलं बघायची तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य, त्याच्या आधी बर्फ वितळत असतं आणि सप्टेंबरात रंग उतरायला लागतात. कर्नाटक एक्सप्रेस आपल्या सोलापूरवरनंच दिल्लीला जाते, तिथनं हरिद्वार, हरिद्वारहून जोशीमठच्या पुढं गोविंदघाट, तिथनं पुलना गावापर्यंत जीप, आणि पुलना ते घांघरिया साधारण दहा किलोमीटर चढ. हे दहा किलोमीटर काकांना घोड्यावर बसून जाता येतात. घांघरियाला मुक्काम करायचा, घाटीत राहायला परवानगी नाही, सकाळी लवकर आत जायचं, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळच्या आत बाहेर. घाटीच्या आत घोडा चालत नाही, तिथं पायीच, नाहीतर कंडी, म्हणजे माणूस पाठीवर घेतो ती टोपली.

आत गेल्यावर पहिले तीनेक किलोमीटर दगडी पायवाट आहे, पुष्पावती नदी ओलांडून मग घाटी उघडते. सगळे लोक सुरुवातीलाच फोटो काढून परत फिरतात. तुम्ही तसं करू नका, पुढं चालत रहा, जरा पुढं गेलं की गर्दी विरळ होते आणि माणसापेक्षा उंच झाडोरा दोन्ही बाजूला असतो. पुढं जोन लेग नावाच्या बाईंची कबर आहे, त्या लंडनच्या क्यू गार्डनकडनं फुलांचा अभ्यास करायला आल्या होत्या आणि 1939 साली तिथंच कड्यावरनं पडून गेल्या. त्यांच्या बहिणीनं नंतर येऊन तो दगड बसवला. मी तिथं बराच वेळ बसलो होतो. एका परक्या देशातली बाई फुलांसाठी एवढ्या लांब आली, हे तिथं बसल्यावर जे जाणवतं ते इथं लिहून सांगता येत नाही मला.

पाऊस असतोच, रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून परतीच्या तिकिटाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवाच. आणि कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर न्या. खरंच सांगतो, घांघरियात मॅगी आणि पराठे खाऊन कंटाळा येतो, आपली कडक भाकरी पंधरा दिवस काही होत नाही आणि वजनाला पण हलकी.

व्याघ्रवेडा

ताई, ताडोबाची बाजू पण कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितो. तुमचा अनुभव वाईट आला कारण गाडी वाघाच्या मागं पळवली. पुढच्या वेळी गाईडला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला पाणवठ्यावर इंजिन बंद करून थांबायचंय, वाघ नाही दिसला तरी चालेल. गाईड आजूबाजूच्या गावातलेच असतात, त्यांना झाडांची, पक्ष्यांची, रानकुत्र्यांची एवढी माहिती असते आणि कुणी विचारतच नाही. आपण विचारलं की ते खुलतात. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली सफारी वाघ न दिसलेली आहे, एका तळ्याकाठी तासभर बसलो, मोरघार आली, रानडुकरं आली, चितळांनी धोक्याचे कॉल दिले, सगळं जंगल एकदम सावध झालं आणि वाघ आलाच नाही.

आणि ताडोबा 1955चं आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं नॅशनल पार्क, ते असं टिकलं ते तिथं माणसाला पायी फिरू दिलं नाही म्हणूनच. मंगळवारी बंद असतं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, बफर म्हणजे बाहेरचा पट्टा चालू असतो. सोलापूरहून नागपूरला वळसा घालून जाण्यापेक्षा सिकंदराबादला जायचं आणि तिथनं दिल्लीकडं जाणाऱ्या गाडीनं बल्लारशा किंवा चंद्रपूरला उतरायचं, हा रस्ता आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीत नसतो.

अॅरिझोनातली_अक्कलकोटकर

काकू, मी मूळची अक्कलकोटची, आता कितीतरी वर्षं फिनिक्सच्या बाजूलाच राहते. तुमचं "आम्ही सोलापूरचे, ऊन नवीन नाही" हे वाक्य वाचलं आणि जेवण बाजूला ठेवून लिहायला बसले. कारण हेच वाक्य माझ्याकडं आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडी असतं.

जूनमध्ये ग्रँड कॅन्यनमध्ये नदीपर्यंत उतरायचं नाही. अजिबात नाही. कारण सांगते. साध्या डोंगरावर आपण आधी चढतो, दमलो की परत फिरतो, आणि परतीचा रस्ता उताराचा असतो. इथं उलटं आहे. साऊथ रिम म्हणजे वरची कड समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे, तिथं जूनमध्ये सकाळी हवा एकदम छान, गार. त्या गार हवेत माणूस ताजातवाना उतरायला लागतो, उतार असतो म्हणून दम लागत नाही, आणि जसजसं खाली जाल तसतसं गरम होत जातं. खाली नदीजवळ उन्हाळ्यात सावलीत चाळीसच्या वर जातं, कधी कधी पंचेचाळीसच्या पुढं. म्हणजे ज्या वेळी तुमचे पाय दमलेत, पाणी संपत आलंय, त्या वेळी सगळ्यात जास्त ऊन आणि समोर तेराशे मीटरचा चढ. पार्कचे रेंजर स्वतः सांगतात की नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचं नाही आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार खालच्या वाटांवर चालायचं नाही. दरवर्षी तिथून माणसं उचलून आणावी लागतात आणि त्यात तरणीताठी, व्यायाम करणारी असतात.

आणि काकू, मे महिन्यात सोलापुरात आपण तरी दुपारी बारा ते चार कुठं बाहेर पडतो? कूलर लावून घरात बसतो. आपली सवय म्हणजे उन्हात चालायची सवय नाही, उन्हापासून लांब रहायची सवय आहे, आणि ती तिथं नक्की वापरा.

आता काय करायचं ते सांगते, कारण पार्क अतिशय सुंदर आहे आणि तुम्हाला पायी फिरायला भरपूर मिळणार आहे. कडेकडेनं रिम ट्रेल म्हणून वाट आहे, जवळजवळ वीस किलोमीटरची, बरीचशी सपाट आणि बराचसा भाग फरसबंद, आणि तिला समांतर फुकटची शटल बस चालते. म्हणजे काकांनी दोन स्टॉप चालायचं, दमले की बसमध्ये बसायचं, पुढच्या स्टॉपला तुम्हाला भेटायचं. त्यातला यावापाई म्युझियम ते व्हिलेज हा तुकडा तर चुकवू नका. तिथं वाटेवर दर मीटरला खूण केलीय आणि प्रत्येक मीटर म्हणजे पृथ्वीची दहा लाख वर्षं, आणि बाजूला त्या त्या काळातला खडक ठेवलाय, हात लावून बघायचा. खाली दरीच्या तळाशी जो खडक आहे तो पावणेदोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा. माझ्या वडिलांना मी तिथं नेलं होतं, ते शेतकरी माणूस, प्रत्येक दगडाला हात लावत लावत गेले आणि संध्याकाळी मला म्हणाले की आपल्या काळ्या मातीखालचा दगड किती जुना ते आधी सांग. दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या वाटेवर तेवढं अंतर मोजून दाखवलं त्यांना, पासष्ट-सहासष्ट मीटर. तेवढ्यात आपलं सगळं सोलापूर, सह्याद्री, अजिंठा सगळं आलं.

थोडं खाली उतरल्याचा अनुभव पाहिजेच असेल तर तुम्ही आणि मुलगा पहाटे साऊथ कैबाब वाटेनं ऊ-आह पॉइंटपर्यंत जा, एका बाजूनं दीड किलोमीटरसुद्धा नाही. तिथं वाटेत पाणी मिळत नाही, वरूनच भरून न्यायचं. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरायचा. काकांनी वर बसून सूर्योदय बघावा. आणि तिथल्या खारी अंगावर येऊन खायला मागतात, देऊ नका, कडकडून चावतात. एल्क म्हणजे मोठं हरीण अगदी रस्त्याच्या कडेला चरत असतं, त्याच्यापासून निदान तीस मीटर लांब रहा, माणसाळलेलं वाटतं पण नाहीये.

फिनिक्सहून गाडीनं साडेतीन-चार तास. मुलाला सुट्टी असेल तर झायन नॅशनल पार्कला पण जा, तिथं दरीत खाजगी गाडी बंद आणि शटल चालते, नदीकाठचा रिव्हरसाइड वॉक काकांच्या गुडघ्याला अगदी योग्य. एंजल्स लँडिंगचे व्हिडिओ मुलगा दाखवेल, साखळी धरून कड्यावरनं जायचं असतं ते, त्याला 2022 पासून लॉटरीनं परमिट लागतं, ते तुमच्यासाठी नाही. नॉर्थ रिमचं कुणी सुचवलं तर तिथलं जुनं लॉज 2025च्या वणव्यात जळून गेलंय, साऊथ रिमच करा.

पैशाचं महत्त्वाचं. 1 जानेवारी 2026 पासून परदेशी पाहुण्यांसाठी फी वाढलीय. ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस, यलोस्टोन, योसेमिटी अशा अकरा मोठ्या पार्कांना वार्षिक पास नसेल तर माणशी शंभर डॉलर जास्तीचे. परदेशी लोकांसाठीचा वार्षिक पास अडीचशे डॉलरला आहे. दोन-तीन पार्क करणार असाल तर पासच घ्या. पुण्यामुंबईच्या एजंटांच्या जुन्या पत्रकात जुनेच दर असतात, त्यावर जाऊ नका, पार्कच्या स्वतःच्या साईटवर बघा.

आणि कडक भाकरी, चटणी आणणार असाल तर विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर किंवा विचारलं तर "खायचे पदार्थ आहेत" असं स्पष्ट सांगा. सांगितलं की बहुतेक काही होत नाही, लपवलं तर दंड होतो. ताजी फळं, भाज्या आणू नका.

डॉक्टर_पायवाट

वरच्या ताईंनी उन्हाचं फार चांगलं सांगितलंय, त्यात वैद्यकीय भर घालतो. कोरड्या हवेत घाम येतो पण लगेच वाळतो, त्यामुळं अंगातनं किती पाणी गेलं ते कळत नाही. मग लोक घाबरून नुसतं पाणी पीत राहतात, आणि खाणं काहीच नाही. अशानं रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलायला लागतो, आणि बरोबरच्यांना वाटतं अजून पाणी पाजावं. तसं करू नका. पाण्याबरोबर खारं काहीतरी खात रहा, ओआरएसची पाकिटं इथनंच न्या. बीपीच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तर जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आता घाटीचं. सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे, घांघरिया तीन हजारच्या वर. अडीच हजारच्या वर कुणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो, रोज चालणाऱ्यालाही, त्याचा फिटनेसशी संबंध नाही. डोकं दुखणं, भूक जाणं, उलटी, झोप न लागणं ही लक्षणं. डोकं दुखत असताना पुढं चढायचं नाही, तिथंच थांबायचं, वाढलं तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. त्यामुळं जोशीमठला एक रात्र रहा आणि मग पुढं जा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी कुणीतरी हातात देईल, ती स्वतःच्या मनानं घेऊ नका, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. घांघरियाहून लोक दुसऱ्या दिवशी हेमकुंड साहिबला जातात, ते चार हजार मीटरच्या वर आहे आणि सहा किलोमीटर सरळ चढ. घाटी आधी करा, तब्येत बघा, मग ठरवा. नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

मिस्टरांच्या गुडघ्यासाठी, उतारावर दुखतो म्हणजे मांडीचे स्नायू कमजोर असायची शक्यता जास्त. आधी ऑर्थोपेडिककडं दाखवून घ्या, मग फिजिओ सांगेल तसे खुर्चीवरनं उठायबसायचे, पायरी चढउतरायचे व्यायाम आजपासून सुरू करा, दोन-तीन महिने लागतात. चालायच्या काठ्या दोन घ्या, एक नाही. उतरताना काठी जरा लांब करायची आणि पावलं छोटी टाकायची. नवीन बूट घालून थेट हिमालयात जाऊ नका, महिनाभर इथं वापरा.

लंका_नेपाळवाली

ताई, श्रीलंकेचं मी सांगते. तिथली बाकीची बहुतेक पार्क जीपवालीच आहेत, याला, विल्पट्टू वगैरे, पण हॉर्टन प्लेन्स नॅशनल पार्क पायीच बघायचं आहे. नुवारा एलियाला रहायचं, पहाटे निघायचं, नऊ-दहा किलोमीटरची गोल वाट आहे, गवताळ पठार, मधे मधे जंगल, बेकर्स धबधबा, आणि वर्ल्ड्स एंड म्हणून कडा आहे, तिथं पठार एकदम संपतं आणि खाली शेकडो मीटर दरी. नऊ-दहा वाजले की ढग येतात आणि पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून उघडता उघडता आत शिरायचं. गेटवर पिशव्या तपासतात, प्लास्टिकचं वेष्टण असलेलं सगळं काढून ठेवायला लावतात. मला ते फार आवडलं. सांबर हरणं एवढी जवळ येतात की विश्वास बसत नाही. वाट दगडाची आहे पण चढउतार बेताचा, तुमच्या मिस्टरांना काठ्या घेऊन हळूहळू जमेल असं मला वाटतं.

नेपाळमधे चितवन. 1973चं, नेपाळचं पहिलं नॅशनल पार्क, एकशिंगी गेंडा, वाघ, मगरी सगळं आहे आणि तरी तिथं गाईड बरोबर घेऊन पायी फिरू देतात. गाईडच्या हातात बंदूक नसते, फक्त काठी. सुरुवातीला तो नियम सांगतो की गेंडा अंगावर आला तर झाडावर चढायचं, झाड नसेल तर नागमोडी पळायचं. हे ऐकून ठरवा, गंमत म्हणून सांगत नाहीये, ज्यांना पळता येत नाही त्यांनी हे करू नये. मिस्टरांना घेऊन तुम्ही राप्ती नदीत होडीनं फिरा, काठावर मगरी, घडियाल आणि पक्षी, आणि होडीतला नावाडी काही बोलत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौली बॉर्डर, तिथनं बस. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदान कार्ड जवळ ठेवा.

नान्नजचा_माळ

सगळ्यांनी हिमालय सांगितला, अमेरिका सांगितली, लंका सांगितली. ताई, तुम्ही जुळे सोलापुरात राहताव आणि तुमच्यापासनं तासाभराच्या आत बार्शी रोडला नान्नज आहे, त्याचं एकानं पण नाव काढलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं म्हणून लिहायलोय.

माळढोक अभयारण्य 1979 साली झालं. नॅशनल पार्क नाही, अभयारण्य आहे. लोक येतात, बघतात, म्हणतात इथं काहीच नाही, नुसतं वाळलेलं गवत. झाडं दिसली नाहीत की लोकांना जंगल वाटत नाही. पण हा माळच इथलं जंगल आहे. पाऊस कमी, जमीन उथळ, खाली मुरूम, इथं गवतच येणार, आणि त्या गवतावर जगणारे प्राणी घनदाट झाडीत जगूच शकत नाहीत. काळवीट पळतं कशाच्या जोरावर, तर लांबपर्यंत दिसतं म्हणून. माळढोक वर्षाला बहुतेक एकच अंडं घालतो आणि ते उघड्या जमिनीवर. दहा-पंधरा किलोचा पक्षी, समोरचं नीट दिसत नाही त्याला, विजेच्या तारांना धडकून मरतो. एकेकाळी याच माळावर माणसं लांबलांबनं येऊन माळढोक बघून जायची, आता एखादा दिसला तर नशीब. आख्ख्या देशात दीडशेच्या आसपास राहिलेत आणि बहुतेक सगळे राजस्थानात. माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून त्यावर गिरीपुष्प लावलं गेलं, वरनं विहिरी, बागा, ऊस, प्लॉटिंग. कुणा एकाचा दोष म्हणून सांगत नाही, आमच्या गावातल्या माणसाला पण पोट आहे, अभयारण्याच्या हद्दीमुळं जमिनीचे व्यवहार अडकले तेव्हा लोकांनी सोसलंय. पण जे राहिलंय ते तरी बघायला या.

काय दिसतं म्हणाल तर काळविटांचे कळप नक्की. लांडगा नशिबानं, पण आहे, मेंढपाळांना विचारा. खोकड, ससा, धाविक, चंडोल, आणि हिवाळ्यात मध्य आशियातनं आलेले भोवत्ये, हे शिकारी पक्षी, गवताला घासून उडतात आणि संध्याकाळी जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी मोजतात, त्यासाठी वनखात्याकडं आधी नाव द्यावं लागतं.

जमीन सपाट आहे, तुमच्या मिस्टरांच्या गुडघ्याला याच्याइतकं सोपं काही नाही. अमेरिकेला जायच्या आधी डॉक्टर म्हणतात तशी बुटांची सवय करायची असेल ना, तर ती इथंच करा.

जुळे_सोलापूरची

बापरे, सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. दोनदा वाचलं, मिस्टरांना वाचून दाखवलं, ते पण खूश झाले आणि आज संध्याकाळी आपणहून जिन्याच्या पायऱ्या चढून उतरून आले.

ठरवलं ते असं. अमेरिकेत नदीपर्यंत उतरायचं रद्द. मुलाला अक्कलकोटकर ताईंचं सगळं पाठवलं, तो म्हणाला मी पण हेच सांगणार होतो पण तू ऐकलं नसतंस. रिम ट्रेल आणि ते दगडांचं मीटर मीटर मोजलेलं नक्की करणार, आणि जमलं तर झायन. जुलैच्या मध्यात परत येतोय, लगेच हिमालय झेपणार नाही, म्हणून फुलांची घाटी पुढच्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. या हिवाळ्यात श्रीलंका जमवायचा विचार आहे.

व्याघ्रवेडा दादा, इंजिन बंद करून थांबायचं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, ताडोबाला परत एकदा जाऊ, या वेळी तळ्याकाठी बसायला.

आणि नान्नजच्या दादा, तुमचं वाचून गप्प झाले मी. इतकी वर्षं बार्शीला माहेरी जाताना त्या रस्त्यानं गेलेय, बोर्ड बघितलाय, एसटी कधी थांबवली नाही. जायच्या आधी यायचंय. कुणाला भेटायचं, किती वाजता यायचं, आमच्याबरोबर शेजारची दोन कॉलेजची मुलं पण येतो म्हणतात, चालेल का?

नान्नजचा_माळ

चालेल की, पोरांना नक्की आणा. आधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन परवानगी घ्या, आधारची झेरॉक्स असू द्या, आत कुठं चालायचं आणि कुठं नाही ते ते सांगतील आणि त्यांचा माणूस बरोबर घ्या, एकटं आत शिरू नका. उजाडायच्या आत पोचा, आता उन्हाळा लागलाय, नऊनंतर सगळे प्राणी सावलीला बसतात. लाल, पांढरे, भडक कपडे नकोत, मातकट किंवा हिरवट घाला. पोरांना सांगा मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत आणि काळविटांच्या मागं फोटोसाठी पळायचं नाही. आत्ता विणीचा काळ सुरू होतोय बऱ्याच पक्ष्यांचा, टिटवी, धाविक उघड्यावर अंडी घालतात आणि ती दगडासारखीच दिसतात, म्हणून मळलेली वाट सोडून पाय टाकायचा नाही. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर माझी आहे.

पक्का_सोलापुरी

काकू, रविवारी जाणार असाल तर मला पण कळवा, माझी गाडी आहे, चौघं आरामात बसतील. पहाटे साडेचारला निघावं लागंल.